अंडरमाउंट सिंक बसवताय? आधी सिंक आणा, मगच ग्रॅनाइट कापा

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की गावाकडं घराची कामं निघतात. मोरीत बसून भांडी घासायचे दिवस बऱ्याच घरांतून गेले, आता ओटा आणि ओट्यात सिंक हवंच. त्यात दगडाच्या खालून बसवलेलं, म्हणजे अंडरमाउंट सिंक दिसायला भारी. ओट्यावरचं पाणी, खरकटं एका हातानं थेट आत लोटता येतं, कडेला घाण अडकत नाही. पण हे काम चुकलं तर दुरुस्ती महागात पडते.

ओटा कशाचा आहे?
अंडरमाउंट सिंक ग्रॅनाइटलाच शोभतं. दगडाची कापलेली कड उघडी राहते आणि तिच्यावर रोज पाणी पडतं. कडप्प्याला पापुद्रे असतात, कड ढासळते. ओट्यावर टाइल्स असतील तर सांध्यातून पाणी मुरतं. अशा ओट्याला वरून बसणारं साधं सिंकच बरं. ते स्वस्तही पडतं.

माप कोणतं घ्यावं?
ओटा साधारण २४ इंच रुंद असतो. त्यात पुढून-मागे १८ इंचांचं सिंक नीट बसतं. मोठं घेतलं तर पुढची ग्रॅनाइटची पट्टी अरुंद राहते आणि जड पातेलं आपटलं की तडकते. नळ ओट्यावर घ्यायचा असेल तर मागंही जागा लागते. नळ भिंतीत असेल तर तो प्रश्न नाही, फक्त खाली कळशी मावेल एवढी उंची ठेवा.

खोली ८ ते ९ इंच पुरते. हे सिंक दगडाच्या खाली असल्यानं तळ आणखी पाऊण इंच खाली जातो. १० इंच खोल घेतलं की रोज वाकून कंबर धरते. म्हणून जी बाई तिथं उभी राहणार, तिला दुकानात सोबत न्या आणि तिला विचारूनच माप ठरवा.

पत्रा कसा ओळखायचा?
स्टील ३०४ ग्रेडचं घ्या. २०२ ग्रेड स्वस्त, पण त्यात निकेल कमी असतं, त्यामुळं खारट पाण्यात लवकर डाग धरतं. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, असं दुकानदार सांगतात. त्यावर जाऊ नका, चुंबक २०२ लाही सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. पत्रा १ मिलिमीटर किंवा जास्त जाड असावा.

बसवताना काय पाहावं?
सिंक घरात आल्याशिवाय मिस्त्रीला कटर लावू देऊ नका. नुसत्या मापावरून भोक पाडलं आणि सिंक वेगळं निघालं तर दगड वाया जातो. भोकाची आतली कड पॉलिश करून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा आधार. २२ बाय १६ इंचांचं, ९ इंच खोल भांडं काठोकाठ भरलं तर सुमारे ५० लिटर पाणी, म्हणजे ५० किलो वजन होतं. वर भांडी वेगळीच. हे नुसत्या सिलिकॉनवर टिकत नाही. ग्रॅनाइटखालच्या कडप्प्याला भांडं आत जाईल पण कड वर टेकेल असं भोक पाडावं, कडेवर सिलिकॉन लावून वरून ग्रॅनाइट ठेवावा. खाली कडप्पा नसेल तर लोखंडी अँगलची चौकट करून तिला रंग द्यावा. कडप्प्यात अडकवलेलं सिंक पुढं बदलायचं तर वरचा दगड हलवावा लागतो, म्हणून पत्र्यात काटकसर नको.

सिलिकॉन लावण्याआधी दगडाची धूळ आणि ओल पुसून घ्या. व्हाइट सिमेंट भरू नका, त्याला भेगा पडतात. सिलिकॉन लावल्यावर २४ तास पाणी सोडू नका. सांडपाण्याच्या पाइपला ट्रॅप हवाच. पाइप थेट गटारात सोडला तर वास आणि झुरळं घरात येतात.

मिस्त्रीचा हिशेब करण्याआधी
सिंक भरून तासभर ठेवा, खाली कोरडा कागद अंथरा, मग पाणी एकदम सोडा. कागद कोरडा राहिला तरच पैसे द्या.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले तर लिंबू किंवा व्हिनेगर चोळून लगेच धुवा. संडास धुवायचं ॲसिड सिंकला कधीच लावू नका, त्यानं स्टीलला बारीक खड्डे पडतात.