फाइल पोहोचते, परवानगी मागे राहते

आषाढीच्या आधी पंढरपूरच्या बाजारपेठेत धांदल सुरू होते. धंदा चुड्यांचा असो, कुंकू-बुक्क्याचा असो की फोटो फ्रेमचा, दुकानात दोन-चार नवी मुले कामाला घ्यावी लागतात. बिले करण्याचा संगणक मग एकाच्या नव्हे, चौघांच्या हाताखाली जातो. पूर्वी उधारीची वही गल्ल्याखाली कुलपात असे. आता ती संगणकात आहे आणि दुकानातून घरी, घरातून हिशेबनिसाकडे अशी सारखी फिरत असते. या फिरण्यात तिचे कुलूप कसे गळून पडते, याची माहिती व्यापारी बांधवांना असणे जरूर आहे.

हा प्रश्न आताच का, असे कोणी विचारील. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. चालू स्थितीतला संगणक भंगारात घालण्यापेक्षा त्यावर फुकट मिळणारे लिनक्स टाकणे हा व्यवहारी मार्ग आहे. पण मग दुकानात विंडोज आणि घरी लिनक्स अशी जोडी जमते, आणि एकाची भाषा दुसऱ्याला पुरती कळत नाही.

मूळ गोष्ट अशी की, फाइल कोणी वाचावी आणि कोणी बदलावी, ही परवानगी फाइलीच्या आत लिहिलेली नसते. धर्मशाळेत कोणती खोली कोणाची हे भिंतीवर कोरलेले नसते, ते व्यवस्थापकाच्या रजिस्टरात असते. डिस्कचेही तसेच. तिच्यावर फाइलींची नोंद ठेवण्याची जी पद्धत असते, तिच्या रजिस्टरात परवानगी लिहिली जाते. आपण फाइल दुसरीकडे नेतो तेव्हा माल हलतो, रजिस्टर जागेवरच राहते. नव्या जागेचा व्यवस्थापक आपल्या रिवाजाने नवी नोंद करतो.

लिनक्सचा रिवाज युनिक्सकडून आला. त्यात प्रत्येक फाइलीला एक मालक, एक गट आणि बाकीचे सर्व असे तीन हिस्से असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, असे अंक धरून प्रत्येक हिश्शाची बेरीज करतात. ६०० म्हणजे फक्त मालकाने वाचावे, लिहावे. ६४० म्हणजे गटाने नुसते वाचावे. ६४४ झाले की त्या संगणकावर खाते असलेला कोणीही वाचू शकतो. उधारीच्या वहीला ६०० किंवा ६४० हे योग्य. विंडोजची पद्धत निराळी. तिथे प्रत्येक फाइलीला माणसांची यादी जोडलेली असते, आणि कोणाला काय मुभा, काय मनाई हे त्या यादीत लिहितात. एक तीन आकड्यांत बोलतो, दुसरा यादीत. शब्दाला शब्द भाषांतर होत नाही.

त्यातून मधला हमाल म्हणजे पेन ड्राइव्ह. तो बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो, आणि या दोन्हींच्या रजिस्टरात मालकाचा रकानाच नाही. लिनक्सवर ६०० असलेली वही पेन ड्राइव्हवर गेली की ६०० पुसले गेले. तीच वही परत उतरवली की ती ६४४ किंवा ७५५ होऊन येऊ शकते. काही बिघडले असे दिसत नाही, फाइल उघडते, आकडे बरोबर असतात. म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. सीडीचे दिवस आठवणाऱ्यांनी याची उलट बाजू पाहिली असेल. तेव्हा सीडीवरून उतरवलेली फाइल केवळ वाचण्यापुरती राही आणि दुरुस्ती जतनच होत नसे. तो त्रास निदान दिसत तरी होता!

मालकाचे नाव ही आणखी एक गंमत आहे. लिनक्सच्या रजिस्टरात नाव नसून क्रमांक असतो. उबुंटूसारख्या लिनक्सवर पहिल्या खात्याला सहसा १००० आणि दुसऱ्याला १००१ मिळतो. समजा, दुकानातल्या यंत्रावर १००१ म्हणजे तुमचा भाऊ आणि घरच्या यंत्रावर १००१ म्हणजे तुमचा मुलगा. दुकानातली डिस्क तशीच काढून घरी जोडली, तर भावाच्या सर्व फाइली मुलाच्या मालकीच्या दिसतील. यात कोणाचीच लबाडी नाही, क्रमांक जुळला एवढेच. विंडोजमध्येही खात्याला एक लांबलचक क्रमांक असतो. विंडोज नव्याने टाकले की जुन्या खात्याच्या जागी अज्ञात खाते असे दिसू लागते आणि स्वतःच्याच फाइली उघडायला संगणक मालकाला नकार देऊ शकतो.

केवळ चोरून वाचले जाण्याचीच भीती आहे असे नाही. लिनक्सवर रोज रात्री हिशेबाची नक्कल काढणारी छोटी आज्ञा-फाइल लावून ठेवलेली असते. तिला चालण्याची परवानगी लागते. ती फाइल विंडोज किंवा पेन ड्राइव्हमार्गे फिरून आली आणि चालण्याची खूण गळाली, तर नक्कल निघणे बंद होते, तेही मुकाट्याने. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. नक्कल बंद पडल्याचे डिस्क जळाल्यावर कळले, तर काय उपयोग?

आता उपायाकडे वळू. दोन्ही टोकांना लिनक्स असेल तर काम सोपे आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेल्या आरसिंकला ‘ए’ हा पर्याय दिला की परवानगी आणि वेळ सोबत जाते. मालकीही न्यायची असेल तर मात्र आज्ञा मुख्य प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने द्यावी लागते. मध्ये पेन ड्राइव्ह असेल तर फाइली सुट्या नेऊ नयेत. आधी टार या आज्ञेने त्यांचा एक गठ्ठा बांधावा. टार मूळची टेपवर साठवणीसाठी बनली, म्हणून परवानग्या ती गठ्ठ्याच्या आतच लिहून ठेवते. पेन ड्राइव्हला त्यातले काही कळत नाही, आणि तेच आपल्याला हवे आहे. गठ्ठा सोडताना ‘पी’ हा पर्याय द्यावा. फॅट३२ वर ४ जीबी आणि त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, एवढे मात्र लक्षात असू द्या.

विंडोजवरून विंडोजवर, दोन्हीकडे एनटीएफएस असताना, नेहमीची कॉपी परवानग्या नेत नाही. फाइल ज्या फोल्डरात पडते त्याचे नियम ती उचलते. तिथे रोबोकॉपी वापरावी, तिला ‘सेक’ हा पर्याय द्यावा.

एका टोकाला विंडोज आणि दुसऱ्याला लिनक्स असेल, तर माझे स्पष्ट मत असे की परवानगी नेण्याचा खटाटोपच करू नये. प्रत्येक जागी फोल्डरचा दरवाजा पक्का करावा. लिनक्सवर ‘हिशेब’ फोल्डरला ७०० द्यावे. मग आतली फाइल ६४४ झाली तरी इतर खात्यांना दरवाजातूनच आत जाता येत नाही. विंडोजवर त्या फोल्डरच्या सुरक्षा यादीत फक्त मालक आणि हिशेबनीस ठेवावेत, नवी फाइल तोच नियम घेते. दोन संगणकांत आपोआप मेळ राखणारे सिंकथिंग वापरत असाल तर त्या फोल्डरसाठी परवानग्यांकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय चालू ठेवा. गूगल ड्राइव्हवर तुमचे ६०० चालतच नाही. तिथे फोल्डर ज्याच्याशी वाटून घेतला त्याला आतले सगळे दिसते, म्हणून उधारी आणि मालाचे फोटो एका फोल्डरात ठेवू नयेत.

परवानगी म्हणजे तिजोरी मात्र नव्हे. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडणारा आणि तिथे रूट असणारा माणूस ६०० सुद्धा वाचतो. ज्या वहीत गिऱ्हाइकांचे आधार क्रमांक आणि कारागिरांची उचल लिहिलेली आहे ती आपल्याकडे अमानत आहे. ती बाहेर नेताना टारचा गठ्ठा सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड देऊन बंद करावा. क्रम उलटा करू नये, कारण सेव्हन-झिप स्वतः लिनक्सची मालकी आणि गट लिहून ठेवत नाही.

वारीची गर्दी सुरू होण्याआधी एक दुपार यासाठी काढा. संगणकावर ‘नोकर’ नावाचे साधे खाते उघडा, दुकानातली मुले त्यातूनच काम करतील असे ठरवा. मग उधारीची वही एकदा घरी नेऊन परत आणा, ‘नोकर’ खात्यातून आत शिरा आणि ती उघडून पाहा.