शासकीय गृहनिर्माण-खर्च व वास्तुशिल्पज्ञ

रोजगारवाढीसाठी शासन घरबांधणीवर खर्च करते. त्यातून वास्तुशिल्पज्ञांना मिळणारे काम मात्र खर्चाच्या पद्धतीवर अवलंबून असते. इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रमाचा भाग म्हणूनच सुरू झाली. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशातील किमान २५ चौ. मी. घरासाठी १.२० लाख रु. लाभधारकाच्या खात्यावर हप्त्यांनी जमा होतात व घर तो स्वतः बांधवून घेतो. त्यामुळे वाटूरसारख्या (जि. जालना) गावी हा पैसा मुख्यत्वे बांधकामसाहित्य व मजुरी यांवर खर्च होतो. वास्तुशिल्पज्ञाचा सहभाग बहुधा नमुना-आराखड्यांपुरता राहतो. परिणामी खर्च वाढला, तरी घराची दिशा, वायुवीजन व भूकंपरोध यांचा विचार गवंड्याच्या अनुभवावरच सोपविला जातो.