जुन्या मियाटाचं इंजिन ‘टिक-टिक’ करतंय? मोबाईलने असं ओळखा

माझदाची एमएक्स-५, म्हणजेच सगळ्यांची लाडकी ‘मियाटा’, १९८९ मध्ये आली. दोन सीट, उघडं छत, पुढे छोटं इंजिन आणि मागच्या चाकांना पॉवर. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण अमेरिका, ब्रिटन किंवा आखातात राहणारे बरेच जण पहिली स्पोर्ट्स कार म्हणून हीच जुनी गाडी शोधतात. आणि पहिल्या पिढीची (१९८९ ते १९९७) गाडी बघायला गेलात की बोनेटखालून हमखास एक आवाज येतो: टिक-टिक-टिक.

विकणारा म्हणतो, “सगळ्याच मियाटा असं करतात.” गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो. पण कधीकधी त्याच वाक्यामागे संपत आलेलं इंजिन लपलेलं असतं.

या इंजिनात १६ व्हॉल्व्ह आहेत आणि प्रत्येकाला एक हायड्रॉलिक लिफ्टर. आपल्याकडे बाईकचे मेकॅनिक “टॅपेट वाजतंय” म्हणतात ना, तोच हा प्रकार. फरक इतकाच की इथे गॅप हाताने सेट करायची नसते, लिफ्टरमध्ये भरलेलं ऑइल ती आपोआप भरून काढतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली, ऑइल जुनं झालं किंवा लिफ्टरचं बारीक भोक गाळाने तुंबलं, की गॅप राहते आणि धातूवर धातू आपटतो. ताजं, योग्य ग्रेडचं ऑइल घालून गाडी थोडी मोकळी पळवली की हा आवाज अनेकदा जातो.

खरी भीती ‘रॉड नॉक’ची. क्रँकशाफ्टवरचं बेअरिंग झिजलं की खालून जड, दबका ‘ठक-ठक’ येतो. इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झालं की तो सहसा वाढतो आणि अॅक्सिलरेटर दाबल्यावर जास्त जाणवतो. असं इंजिन चालवत राहिलात तर रॉड तुटून ब्लॉक फोडू शकतो.

आता मोबाईल काढा. गाडी मोकळ्या जागेत हवी, बंद गॅरेजमध्ये अजिबात नको, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. ओढणी, सैल बाह्या, इअरफोनची वायर पट्ट्यांपासून लांब. इंजिन थंड असताना आणि पूर्ण गरम झाल्यावर अशी दोनदा, दहा-दहा सेकंदांची रेकॉर्डिंग करा. नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर फोन नेमका हवा तोच आवाज पुसून टाकतो.

मग थोडं गणित. आयडलला इंजिन साधारण ८५० आरपीएमवर फिरतं, म्हणजे क्रँक सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या मारतो. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे ७ फेऱ्या. रेकॉर्डिंग पाव स्पीडने ऐका आणि मोजा. सेकंदाला सातच्या आसपास टिक आले तर संशय वरच्या बाजूला, लिफ्टरवर. चौदाच्या जवळ असतील तर खाली बघायला हवं. हा फक्त इशारा समजा. दोन लिफ्टर वाजत असतील तर आकडा फसवतो, आणि एक्झॉस्टची गॅस्केट लीक असली तरी सातचाच ठेका येतो. तो टिक मात्र एक्झॉस्टच्या बाजूनेच येतो आणि धातू तापून फुगला की बऱ्याचदा कमी होतो.

१९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर गाड्यांसाठी अजून एक काम. त्यांच्या क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं आणि तिथली चावीची खाच झिजायची. खालच्या पुलीचा २४० एफपीएसने स्लो-मोशन व्हिडिओ काढा. पुली डुगडुगत असेल तर किंमत कितीही कमी असो, पुढच्या गाडीकडे वळा. साध्या व्हिडिओत पुली उलटी फिरल्यासारखीही दिसू शकते, म्हणून स्लो-मोच हवा.

ऑइल प्रेशरच्या काट्यावर मात्र सरसकट विसंबू नका. १९९५ मॉडेलपासून तो नावापुरताच आहे. प्रेशर थोडंफार असलं की मधोमध उभा राहतो.

एवढं करूनही शंका राहिली तर मेकॅनिककडून ऑइल काढून घ्या आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या फ्लॅशलाइटखाली उलगडून बघा. धातूची चमचम दिसली, तर बेअरिंग झिजतंय.