विधानसभेच्या कार्यवाहीतले जुन्नर-आंबेगाव

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांच्या यादीत १९५ क्रमांकावर जुन्नर आणि १९६ क्रमांकावर आंबेगाव येतो. पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्याला लागून भात आणि हिरड्यावर जगणारा आदिवासी पट्टा, तर पूर्वेला कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या धरणांवर ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे पिकवणारा बागायती पट्टा, अशी या दोन्ही तालुक्यांची ठेवण असल्यामुळे इथून विधानभवनात जाणारे विषयही ठरून गेलेले आहेत : बिबट्यांचे हल्ले, कुकडीचे आवर्तन, कांद्याचा भाव, दरडींच्या छायेतील वाड्या. हे विषय सभागृहात नेमके कसे पोचतात, तिथे त्यांचे काय होते आणि हाती काय लागते, हे पाहिले तर विधिमंडळाच्या रोजच्या कामाची ओळख पटते. कारण या कामाचा खरा ऐवज गोंधळात किंवा घोषणांत नसून, मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आणि कार्यवाहीत नोंदल्या गेलेल्या उत्तरात असतो.

विधिमंडळाची वर्षातून तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत भरते, तर १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून हिवाळी अधिवेशन नागपुरात भरवण्याची प्रथा आहे. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये असे संविधानाचा अनुच्छेद १७४ सांगतो, आणि एकूण सदस्यांच्या एक-दशांश, म्हणजे विधानसभेत किमान २९ सदस्य हजर असल्याशिवाय गणपूर्ती होत नाही. कोणत्या दिवशी कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा, हे अध्यक्षांच्या अध्यक्षतेखालील कामकाज सल्लागार समिती ठरवते. सर्वसाधारण दिवस प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होतो. नंतर अहवाल आणि अधिसूचना पटलावर ठेवल्या जातात, लक्षवेधी सूचना होतात आणि मग विधेयके, मागण्या व प्रस्ताव चर्चेला येतात. शुक्रवारी काही वेळ अशासकीय कामकाजासाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांसाठी व ठरावांसाठी राखलेला असतो.

प्रश्नोत्तराच्या तासाकडे थोडे जवळून पाहणे योग्य ठरेल. सदस्याने आगाऊ सूचना देऊन विचारलेल्या ज्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे असते आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात, तो तारांकित प्रश्न. ज्याला केवळ लेखी उत्तर मिळते, तो अतारांकित. छापील यादीतल्या तारांकित प्रश्नाची घडण वर्षानुवर्षे एकच राहिली आहे. पहिल्या भागात घटना सांगून ‘हे खरे आहे काय’ असे विचारले जाते. दुसऱ्या भागात ‘असल्यास’ शासनाने चौकशी केली आहे काय आणि तीत काय आढळून आले. त्यापुढे कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरही तशाच भागांत येते : ‘होय’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. ही भाषा वरवर कोरडी वाटली तरी तिच्यात मोठी ताकद आहे. एकदा मंत्र्याने ‘होय’ म्हटले की वन विभागाच्या किंवा महसूल विभागाच्या कोणत्याही अधिकाऱ्याला ती घटना नाकारता येत नाही, आणि ‘अंशतः’ म्हटले तर कोणता अंश खरा हे उपप्रश्नातून काढून घेण्याची जबाबदारी सदस्यावर येते. उत्तर अपुरे वाटल्यास अध्यक्ष तो प्रश्न राखून ठेवू शकतात आणि मग मंत्र्याला पुन्हा तयारीनिशी यावे लागते.

बिबट्याचा विषय या चौकटीत बसवताना मात्र अडचण होते. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. धरणांच्या पाण्याने उसाचे क्षेत्र वाढत गेले, उसाच्या फडात बिबट्याला दडण आणि पिलांना आसरा मिळाला, आणि माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र पकडलेल्या जनावरांना अपुरे पडू लागले. हा भाग वन विभागाचा झाला. पण शेतकऱ्याला पाणी धरायला रात्री शेतात जावे लागते ते विजेच्या वेळापत्रकामुळे, म्हणून दिवसा तीन-फेज वीज मागणारा प्रश्न ऊर्जा विभागाकडे जातो. वस्तीवरून शाळेत पायी जाणाऱ्या मुलांच्या वाहतुकीचा प्रश्न आणखी तिसऱ्याच विभागाकडे. गावाला जे दुखणे एकच वाटते, त्याचे सभागृहात तीन तुकडे होतात, तीन मंत्री तीन दिवशी उत्तर देतात आणि प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी बरोबर असू शकते. हे तुकडे जुळवून पाठपुरावा करणे हे सदस्याच्या कामातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी दिसणारे काम होय.

त्यात अधिकारक्षेत्राची मर्यादा येते. वने आणि वन्यप्राण्यांचे संरक्षण हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, पण विरोध आल्यास सामान्यतः केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या असल्यामुळे, माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या बिबट्याला पकडण्याची किंवा अखेरचा उपाय म्हणून मारण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, परंतु नसबंदीसारख्या उपायासाठी राज्याला केंद्राकडे जावे लागते. राज्याच्या कक्षेबाहेरचा प्रश्न विधानसभेत स्वीकारला जात नाही. म्हणून ‘नसबंदी केव्हा करणार’ असे न विचारता ‘राज्य शासनाने केंद्र शासनाकडे प्रस्ताव पाठविला आहे काय, तो कोणत्या दिनांकास पाठविला’ असे विचारावे लागते. प्रश्नाच्या शब्दरचनेवर तो यादीत राहतो की गळतो हे ठरते, आणि इथेच अनुभवी सदस्य व नवा सदस्य यांतला फरक उघड होतो.

तातडीच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी नियम १०५ अन्वये लक्षवेधी सूचना देता येते. मंत्री निवेदन करतो आणि त्यावर सदस्य प्रश्न विचारतात. दीर्घ भाषणाला इथे वाव नसतो. चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे वाटला जात असल्यामुळे लहान पक्षाच्या किंवा अपक्ष सदस्याला हे साधन विशेष मोलाचे ठरते. जुन्नरने असा अनुभव दोनदा घेतला आहे : २०१४ मध्ये शरद सोनवणे हे महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे राज्यातील एकमेव आमदार म्हणून इथून निवडून आले आणि २०२४ मध्ये तेच अपक्ष म्हणून विजयी झाले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ बळी गेले, संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला, आणि त्यानंतरच्या डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनाच्या वेळी सोनवणे बिबट्याचा पेहराव करून विधानभवनाच्या आवारात आले. त्या दृश्याने राज्याचे लक्ष वेधले, आणि ज्या घरांतली लेकरे गेली त्यांच्या वतीने लक्ष वेधण्याची गरज होतीच. तरीही विधानभवनाच्या पायऱ्यांवर जे घडते ते सभागृहाचे कामकाज नसते. कार्यवाहीत त्याची ओळ उमटत नाही आणि मंत्र्याला त्यावर उत्तर देण्याचे बंधनही नसते. म्हणून पायरीवरच्या प्रत्येक आंदोलनामागे सभागृहातली एखादी लक्षवेधी किंवा एखादा प्रश्न असायलाच हवा.

कुकडीच्या पाण्याचा वाद पक्षभेदाच्या पलीकडचा आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर आणि आंबेगावात आहेत; त्यांपैकी घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला आंबेगाव तालुक्यातीलच महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. या धरणांचे पाणी मात्र शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जाते. त्यामुळे आवर्तन केव्हा सोडायचे, किंवा डिंभे ते माणिकडोह बोगदा व्हावा की नाही, यावर एकाच बाकावरचे दोन सदस्य परस्परविरोधी बोलताना दिसतात. वरच्या भागातल्या गावांना आपल्या जमिनी धरणाखाली गेल्याची आठवण असते, खालच्या भागातल्या शेतकऱ्याला कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नसल्याची चिंता असते, आणि दोन्ही गाऱ्हाणी खरी असतात. आवर्तनाचा निर्णय प्रत्यक्षात कालवा सल्लागार समितीत होतो. सभागृहाच्या हाती उरतो तो पैसा. प्रकल्पाची किंमत वाढली की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे कचेरीच्या भाषेत ‘सुप्रमा’, घ्यावी लागते, आणि त्यासाठीची तरतूद जलसंपदा विभागाच्या मागणीतून विधानसभेने मंजूर करावी लागते.

मागण्यांवरील चर्चेत सदस्य कपात सूचना देतात. एखाद्या मागणीतून नाममात्र रक्कम कमी करावी असे सुचवून आपल्या भागातली तक्रार नोंदवण्याचा तो मार्ग असतो. वर्षाच्या मध्ये खर्च वाढला तर पुरवणी मागण्या येतात. अधिवेशन नसताना अचानक खर्च उद्भवला तर आकस्मिकता निधीतून आगाऊ रक्कम उचलली जाते आणि पुढच्या अधिवेशनात तिला मंजुरी घेतली जाते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि १५१ जणांचा बळी गेला, तेव्हा मदतीला अधिवेशनाची वाट पाहता येणे शक्यच नव्हते. वाचलेल्यांसाठी आमडे येथे उभारलेल्या नव्या गावाचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झाले. पण दरडप्रवण म्हणून ओळखल्या गेलेल्या इतर वाड्यांच्या पुनर्वसनाचा विषय एका अधिवेशनात संपणारा नाही. तो दर पावसाळ्यापूर्वी पुन्हा विचारत राहावा लागतो.

माळीणची दुर्घटना घडली तेव्हा आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील हेच विधानसभेचे अध्यक्ष होते. १९९० पासून सातत्याने निवडून येणाऱ्या वळसे पाटील यांनी २००९ ते २०१४ या काळात ते पद सांभाळले. अध्यक्ष स्वतः प्रश्न विचारत नाहीत, चर्चेत बाजू घेत नाहीत, आणि अनुच्छेद १८९ नुसार मते समसमान पडली तरच निर्णायक मत देतात. म्हणजे ज्या मतदारसंघाचा सदस्य सर्वोच्च आसनावर बसतो, त्या मतदारसंघाचा सभागृहातला आवाज नियमानेच मिटतो. त्याची भरपाई अध्यक्षांच्या दालनातील बैठकांतून होते, जिथे मंत्री आणि सचिव समोरासमोर बसतात आणि कामे अनेकदा लवकर मार्गी लागतात.

दालनातील बैठकीची ही वाट आता सर्वांनीच धरलेली दिसते. लक्षवेधीवर अडचणीचा प्रश्न आला की ‘सन्माननीय सदस्यांसमवेत बैठक घेण्यात येईल’ असे मंत्री सांगतात, सदस्यही समाधान मानतात आणि विषय कार्यवाहीतून बाहेर पडतो. बैठकीत काय ठरले हे मतदाराला कळण्याची सोय नसते, म्हणून हा मार्ग सोयीचा असला तरी लोकांच्या दृष्टीने तो तोट्याचा आहे. याउलट ‘तीन महिन्यांत कार्यवाही केली जाईल’ असे वाक्य सभागृहात उच्चारले गेले, तर ते आश्वासन ठरते. मग ते वेगळे काढून आश्वासन समितीकडे जाते, आणि ते पुरे झाले की नाही, न झाल्यास का नाही, हे ती समिती विभागाच्या सचिवांना बोलावून विचारू शकते. समितीचा अहवाल सभागृहाला सादर होतो, आणि जुन्नरच्या एखाद्या वस्तीवरील शेतकऱ्यालाही आपल्या आमदाराने कोणत्या तारखेला काय विचारले, मंत्र्याने काय कबूल केले आणि ते आश्वासन अजून प्रलंबित आहे काय, हे त्यातून पडताळता येते.