घाटाआधी आलेलं स्टेशन

पुण्यात रेल्वे आली १४ जून १८५८ रोजी, पण अर्धवटच. 'ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे'चे रूळ मुंबईकडून खोपोलीपर्यंत आले होते आणि इकडे खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली होती. मधला बोरघाट तसाच उभा होता. प्रवाशांनी खोपोलीला उतरायचं, पालखी, बैलगाडी किंवा आपले पाय यांपैकी जे परवडेल त्याने घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरायची.

घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. २५ बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा चढ आणि ऐन हंगामात ४० हजारांवर मजूर. साथीच्या रोगांत त्यांच्यातले कितीतरी दगावले. १८५९ मध्ये आलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिसने कंत्राट पुढे चालवलं. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली आणि पुणे-मुंबई प्रवासातली चढउतर संपली.

स्टेशनाची जागाही बघण्यासारखी आहे. शनिवारवाड्यापासून, पेठांपासून ते लांब पडतं. लष्कराच्या छावणीला मात्र जवळ. गाडी नेमकी कोणाच्या सोयीसाठी आणली होती, हे नकाशाच सांगतो.

स्टेशनाची आजची दगडी, कमानींची इमारत बरीच नंतरची. २७ जुलै १९२५ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचं उद्घाटन केलं. २०२५ मध्ये तिची शंभरी भरली. तिला मुहूर्त चांगला लाभला. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत विजेची गाडी आली आणि १ जून १९३० रोजी 'डेक्कन क्वीन' सुरू झाली. आरंभी फक्त शनिवार-रविवारची ही गाडी पुढे पासधारकांची झाली. सकाळी मुंबईत नोकरी आणि रात्री पुण्यात घर, हे जगणं याच फलाटांवर रुळलं. दरवर्षी १ जूनला प्रवासी आजही तिचा वाढदिवस केक कापून साजरा करतात.

बघायला जायचं तर सकाळी सातच्या आधी पोचा. आधी बाहेर, रिक्षांच्या गर्दीपलीकडे उभं राहून संपूर्ण दर्शनी भाग पाहा. मग फलाट तिकीट काढून सव्वासातची डेक्कन क्वीन सुटताना बघा. नेहमीच्या जागा, नेहमीची मंडळी, चहावाल्याची लगबग. दिवसा येणाऱ्यांना वनाज-रामवाडी मेट्रो थेट स्टेशनाशी सोडते.

जमल्यास कर्जतला थांबणाऱ्या गाडीचं तिकीट काढा. लोणावळा-खंडाळा मागे पडलं की बोगदे सुरू होतात. १८५८ च्या प्रवाशाने जी वाट पायी किंवा पालखीतून तुडवली, ती खिडकीपाशी बसून उतरताना पुणे स्टेशनाचं मोल पुरतं कळतं.