आगीचा बंब येण्याआधी

इमारतीतली अग्निसुरक्षा म्हणजे अग्निशमन दलाचं काम, असा समज आपल्याकडे पक्का आहे. कायदा वेगळं सांगतो. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, म्हणजे सोसायटीत आपलीच. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

पण कागद पाणी मारत नाही. पंप सुरू करून वरच्या मजल्यावरच्या नळाला पुरेसा दाब येतो का, होजपाइप फाटलेला नाही ना, हे डोळ्यांनी पाहायला हवं. जिन्यात ठेवलेली सायकल, जुनं कपाट, कुंड्या हलवायला तर एक रुपयाही लागत नाही. धुरात दिसेनासं होतं, तेव्हा हाच जिना एकमेव वाट असतो.

डिसेंबर 2017मध्ये मुंबईत कमला मिल आवारातल्या आगीत 14 जण गेले. नंतर पालिकेचे हातोडे शहरभर फिरले. मला वाटतं, तेच मनुष्यबळ आधी नियमित तपासणीवर लावणं हा खर्चाचा खरा शहाणपणा. आपल्या सोसायटीचं जुलैचं प्रमाणपत्र सचिवांकडे मागून पाहा, आणि पंप आपल्यासमोर सुरू करायला सांगा.