खड्ड्यातील पहिली खुर्ची

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सर्वांचे लक्ष ट्रकवरील प्रतिमेकडे, निळ्या झेंड्यांकडे आणि नाचणाऱ्या पोरांकडे असते. बँडमधला ट्रम्पेटवाला कुणाच्या ध्यानात राहत नाही. घामाने निथळत तो चार-चार तास वाजवीत असतो. ओठ सुजतात, घसा कोरडा पडतो. मिरवणूक संपल्यावर मंडपवाल्यापासून पुढाऱ्यापर्यंत सर्वांचे आभार मानले जातात, त्याचे नाव मात्र कुणी घेत नाही. आम्ही स्वतः इतकी वर्षे जयंतीच्या वर्गण्या गोळा केल्या, पावत्या फाडल्या, हिशेब लिहिले. त्या हिशेबात 'बँड' या शब्दापुढे रक्कम लिहिली, पण माणसाचे नाव कधी लिहिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

ही खंत मनात असल्यामुळेच की काय, ट्रम्पेटवाल्यांची एक हकीकत आम्हाला फार जवळची वाटली. ती आहे सातासमुद्रापलीकडची, न्यूयॉर्क शहरातली. पण वाचकहो, ती वाचताना आपलीच कुणीतरी आठवण सांगत आहे असे तुम्हालाही वाटेल.

रंगमंचापुढचा कारखाना

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे नावाचा लांबलचक रस्ता आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते विद्यापीठ याच रस्त्यावर आहे. तेथून सुमारे साडेतीन मैल दक्षिणेला, याच रस्त्याच्या आजूबाजूला मोठमोठी नाटकगृहे आहेत. तेथे संगीत नाटके होतात. गाणी, नाच, संवाद असा सारा थाट. आपल्याकडील संगीत नाटकात ऑर्गनवाला आणि तबलजी रंगमंचापुढे बसत. तेथे त्याच जागी वादकांचा ताफा बसतो, आणि तोही जमिनीखाली. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यामध्ये एक खोलगट जागा असते. तिला 'पिट' म्हणतात. पिट म्हणजे खड्डाच.

हा खड्डा म्हणजे एक कारखाना आहे असे समजा. आठवड्यात आठ प्रयोग. दोन दिवशी दुपारी आणि रात्री असे दोन-दोन. जागा इतकी चिंचोळी की शेजाऱ्याचे कोपर लागते. रंगमंचावर काय चालले आहे हे वादकाला बहुधा दिसत नाही. दिसतो तो फक्त संचालकाचा हात आणि समोरचा स्वरलिपीचा कागद. नाटक तीन वर्षे चालले तर तीच गाणी तीन वर्षे वाजवायची, आणि हजाराव्या प्रयोगालाही पहिल्या प्रयोगाइतकीच चोख वाजवायची. कारण प्रेक्षक रोज नवा असतो. त्याने तिकिटाचे पैसे दिलेले असतात.

त्यातही ट्रम्पेटचे काम अवघड. या वाद्याला कळा फक्त तीन. बाकी सारे काम ओठांचे आणि श्वासाचे. तीच कळ दाबून, ओठ कमी-अधिक ताणून वेगवेगळे स्वर काढायचे. ओठ हा स्नायू आहे, तो थकतो. सितार किंचित चुकली तर झाकून जाते, ट्रम्पेट चुकला तर शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळते. शिवाय सारखे वाजवायचेही नसते. साठ-सत्तर आवर्तने गप्प बसून मोजत राहायचे, आणि थंड पडलेल्या ओठांनी एकदम वरचा स्वर अचूक पकडायचा. नायिका हळू आवाजात गात असेल तर इतके मोठे वाद्य कुजबुजल्यासारखे वाजवावे लागते. त्यासाठी कर्ण्याच्या तोंडात बसवायचे निरनिराळे बुच असतात, त्यांना 'म्यूट' म्हणतात. त्यातला एक प्रकार तर तुंबलेली मोरी साफ करण्याच्या रबरी वाटीचाच आहे. दांडा काढून टाकायचा आणि ती वाटी कर्ण्यापुढे उघडझाप करायची. मग ट्रम्पेट माणसासारखा बोलतो, रडतो, टोमणेसुद्धा मारतो.

आमच्या गिरणीकामगार वाचकांना आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. येथेही बदली असतो! कायम वादक आजारी पडला किंवा रजेवर गेला की बदली वादक येतो. त्याला वेगळी तालीम मिळत नाही. आधी एक-दोन प्रयोग कायम वादकाच्या शेजारी बसून तो सारे ऐकतो, कागदावर खुणा करतो, आणि मग एके रात्री थेट भरल्या नाटकगृहात वाजवतो. स्वरलिपी वाचता येत नसेल तर या खड्ड्यात पाऊल ठेवायची सोय नाही. वाचता येणे हीच येथली किल्ली आहे, आणि आमची हकीकत येथूनच सुरू होते.

वाचता येते, पण दाखवायचे नाही

१९२१ च्या मे महिन्यात त्रेसष्टाव्या रस्त्यावरील एका नाटकगृहात 'शफल अलाँग' नावाचे संगीत नाटक आले. लेखक, संगीतकार, नट, नाचणाऱ्या मुली सारे कृष्णवर्णीय. खड्ड्यातले वादकही कृष्णवर्णीय. संगीत यूबी ब्लेक यांचे, गाण्यांचे शब्द नोबल सिसल यांचे. नाटक तुफान चालले. त्याचे पाचशेंवर प्रयोग झाले.

या नाटकाच्या वादकांसमोर कागद नसत. सारे संगीत त्यांनी तोंडपाठ केले होते. का? म्हातारपणी यूबी ब्लेक यांनी त्याचे कारण सांगितले. गोऱ्या प्रेक्षकांची समजूत अशी होती की, काळ्या माणसाला संगीत उपजतच येते, ते त्याच्या रक्तात असते, पण वाचन हे त्याचे काम नव्हे. समोर कागद ठेवून वाजवणारा काळा माणूस त्यांना पटला नसता, रुचलाही नसता. म्हणून वाचता येणाऱ्या माणसांनी वाचता येत नसल्याचे सोंग घेतले.

वाचकहो, जरा थांबून विचार करा. ज्यांना अक्षर शिकू दिले नाही अशांच्या कथा आपण घरोघरी ऐकल्या आहेत. पण अक्षर शिकूनही ते लपवावे लागणे, ही त्याच रोगाची दुसरी बाजू आहे. 'तुमच्या लोकांना गाणे-बजावणे काय, जन्मजातच येते' असे कौतुक आपल्याही वाट्याला येते. ते ऐकायला गोड लागते, पण त्यात एक फटकाही असतो. माणसाने वर्षानुवर्षे घेतलेली मेहनत त्या एका वाक्यात पुसली जाते.

त्याच खड्ड्यात विल्यम ग्रँट स्टिल नावाचा एक तरुण ओबो नावाची लाकडी फुंकवाद्याची जागा सांभाळत होता. त्याच स्टिल यांनी पुढे आपली पहिली सिंफनी लिहिली आणि १९३१ साली रॉचेस्टरच्या नामांकित वाद्यवृंदाने ती वाजवली. ज्याला वाचता येत नाही असे गृहीत धरले होते, त्याने लिहिलेले संगीत दहाच वर्षांत गोरे वादक समोर कागद ठेवून वाजवू लागले.

नाव नसलेला वादक

दुसरी गोष्ट १९२९ सालची. लुई आर्मस्ट्राँग हे नाव आज जगाला ठाऊक आहे. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीत जन्मलेला, लहान वयात कोळशाच्या गाडीवर राबलेला आणि सुधारगृहात कॉर्नेट वाजवायला शिकलेला हा मुलगा. पुढे शिकागोत मूकपटांना साथ करणाऱ्या अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात त्यांनी नोकरी केली. तेथे रोज नवे कागद समोर येत, त्यामुळे वाचन पक्के झाले.

१९२९ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. 'ग्रेट डे' नावाच्या नाटकासाठी फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडचे कृष्णवर्णीय वादक घेतले होते, त्यात आर्मस्ट्राँगही होते. तालमी चालू असतानाच एकेका कृष्णवर्णीय वादकाला काढून त्याच्या जागी गोरे वादक बसविण्यात आले. आर्मस्ट्राँग बाहेर पडले.

त्यानंतर २० जून रोजी हडसन थिएटरमध्ये 'हॉट चॉकलेट्स' हे नाटक सुरू झाले. आर्मस्ट्राँग खड्ड्यातच होते. दोन अंकांच्या मध्ये ते जागेवर उभे राहून एक गाणे वाजवीत आणि गात. प्रेक्षक बेभान होत. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने परीक्षणात त्या गाण्याची स्तुती केली, पण गाणाऱ्याचे नाव छापले नाही. वाद्यवृंदातला एक अनामिक वादक, एवढाच उल्लेख! लोकांचीच मागणी अशी वाढली की पुढे त्यांना खड्ड्यातून काढून रंगमंचावर आणावे लागले.

आर्मस्ट्राँग वर गेले, मोठे झाले. पण सगळेच काही आर्मस्ट्राँग नसतात. ज्याला मोठा कलावंत व्हायचे नाही, ज्याला महिन्याच्या महिन्याला घरी पगार न्यायचा आहे, मुलांची फी भरायची आहे, त्याचे काय? त्याला खड्ड्यातली कायम खुर्ची हवी होती. ती मिळायला आणखी एकवीस वर्षे जावी लागली.

जो वाइल्डर यांची खुर्ची

जो वाइल्डर यांचा जन्म १९२२ सालचा, फिलाडेल्फियाजवळचा. वडील स्वतः वादक. मुलगा लहानपणीच कॉर्नेट वाजवू लागला आणि कृष्णवर्णीय मुलांच्या रेडिओ कार्यक्रमात झळकला. शहरात आलेले मोठे बँड त्या कार्यक्रमाला साथ करीत. त्यात आर्मस्ट्राँग यांचाही बँड असे.

वाइल्डर यांच्या मनात सिंफनी वाद्यवृंदात वाजवायचे होते. पण त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या सिंफनींत कृष्णवर्णीय वादकाला जागा नव्हती. ते नाचगाण्याच्या बँडमध्ये गेले. महायुद्धात मरीन दलात होते. तेथेही कृष्णवर्णीय जवानांची छावणी वेगळी. तिथल्या बँडचे ते उपप्रमुख झाले.

ब्रॉडवेच्या खड्ड्यातल्या जागांची जाहिरात येत नसे. कंत्राटदार आपल्या ओळखीच्या माणसाला फोन करायचा आणि तो ओळखीचा माणूस गोराच असायचा. कुणी विचारलेच तर ठरलेली उत्तरे तयार होती: त्यांना वाचता येत नाही, त्यांना फक्त जॅझ येते. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा शेरा आम्ही कचेरीतल्या फायलींत पुष्कळदा वाचला आहे. न्यूयॉर्कची फाईलही त्याच शाईने लिहिलेली होती.

१९५० साली हे दार किलकिले झाले. वाइल्डर यांना ब्रॉडवेच्या खड्ड्यात काम मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'गाइज अँड डॉल्स' हे नाटक आले. ते तीन वर्षे चालले, बाराशे प्रयोग झाले. वाइल्डर त्या खड्ड्यात होते. आणि त्याच काळात दिवसा ते मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकत होते. १९५३ साली त्यांनी पदवी घेतली. लग्नाचे, पोटापाण्याचे वय, आठवड्याला आठ प्रयोग, आणि तरी वर्गात जाऊन बसायचे. आम्ही नोकरी सांभाळून सकाळच्या कॉलेजात बी. कॉम. केले, तेव्हा लोकलमध्ये उभ्याउभ्या झोप लागत असे. म्हणून हा तपशील वाचताना आम्ही क्षणभर पुस्तक मिटून ठेवले.

१९५५ च्या फेब्रुवारीत कोल पोर्टर यांचे 'सिल्क स्टॉकिंग्ज' आले. आता प्रश्न होता पहिल्या खुर्चीचा. ट्रम्पेटच्या विभागात पहिली खुर्ची म्हणजे मुकादमाची जागा. वरचे, कठीण स्वर त्याने वाजवायचे, आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून श्वास घ्यायचा, त्याच्यासारखे थांबायचे. तेथे कृष्णवर्णीय माणूस बसणार म्हणजे गोऱ्या वादकांनी त्याच्या मागे चालायचे. नाटकवाल्यांनी बिचकत कोल पोर्टर यांना विचारले, हा माणूस चालेल का? वाइल्डर सांगत की, पोर्टर यांनी उलट एकच गोष्ट विचारली, ती म्हणजे त्याला माझे संगीत वाजवता येते का. येते, असे उत्तर मिळाले. मग विषय संपला. ब्रॉडवेवर पहिल्या खुर्चीवर बसलेल्या अगदी सुरुवातीच्या कृष्णवर्णीय वादकांत जो वाइल्डर यांचे नाव असे लागले.

ही गोष्ट सांगताना पुष्कळ लोक कोल पोर्टर यांचे कौतुक करतात. ते करावेच. पण आम्हाला त्यात दुसरे काही दिसते. तो प्रश्न सरळ होता. तो सरळ प्रश्न विचारायला १९५५ साल का उजाडावे लागले? वाइल्डर यांना ट्रम्पेट १९५५ साली वाजवता येऊ लागला नव्हता. गुणवत्ता आधीपासून होती, विचारणारा नव्हता. आणि दुसरी गोष्टही तितकीच खरी. प्रश्न विचारला गेला तेव्हा 'येते' हे उत्तर तयार होते. ते उत्तर वर्षानुवर्षांच्या तालमीने आणि वाचनाने तयार केले होते. दार उघडण्यासाठी लढा लागतो, आणि दार उघडल्यावर आत जाऊन बसण्यासाठी तयारी लागते. यातली एक गोष्ट दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

वाइल्डर पुढे रेडिओ-टेलिव्हिजनच्या वाद्यवृंदात कायम नोकरीला लागले, सिंफनीत वाजवण्याची इच्छाही त्यांनी पुरी केली. २००८ साली त्यांना अमेरिकेतला जॅझ क्षेत्राचा मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०१४ साली, बाण्णव वर्षांचे होऊन ते वारले. त्यांच्या तोंडून कधी शिवी निघाली नाही, टाय लावल्याशिवाय ते कामावर जात नसत, असे त्यांना ओळखणारे सांगत. ज्याला सतत खाली बघून बोलले गेले, त्याने आपली मान अशी ताठ ठेवली होती.

आपल्या घरी

आपल्या वस्त्यांत वाद्ये वाजवणारे हात पुष्कळ आहेत. ट्रम्पेट, क्लॅरोनेट, ढोल, ढोलकी, सारे कानाने शिकलेले. त्या कानाला आमचा नमस्कार. पण मुलांना नुसत्या कानावर सोडू नका. तुमच्या मुलाला किंवा मुलीला वाद्याची आवड असेल तर स्वरलिपी शिकवा. शाळेच्या बँडमध्ये शिक्षक असतील तर त्यांच्याकडे पाठवा. बँडवाल्या काकांना सुट्टीत चार पोरे गोळा करून बसायला सांगा, आणि त्याबद्दल त्यांना मानधन द्या. वाचता येणारा वादक लग्नाच्या वरातीपुरता राहत नाही. पोलीस बँड, सैन्यदलाचे बँड, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ अशा जागांकडे त्याला बघता येते.

येत्या जयंतीचा हिशेब लिहिताना आम्ही 'बँड' या शब्दापुढे रकमेबरोबर वादकांची नावे लिहिणार आहोत, आणि आभाराच्या भाषणात ती वाचूनही दाखवणार आहोत. तुमच्या मंडळानेही हे करून पाहावे. त्यासाठी आधी त्यांच्याजवळ जाऊन नाव विचारावे लागेल.